आमचंच चाक

सुरुवातीला ट्रेलर नव्हताच.
वडिलांनी कोठारात वेल्ड केलेला एक लोखंडी त्रिकोण,
त्याचं टोक स्टेशन वॅगनच्या हुकात
आणि मागे शर्यतीची गाडी, स्वतःच्या चाकांवर,
बाजाराला निघालेल्या खोंडासारखी मान ताठ करून.
रुंद मऊ स्लिक टायर वॅगनमध्ये, आमच्या गाद्यांखाली.
रस्त्यासाठी भंगारातले अरुंद टायर.
मागचा शाफ्ट काढून ठेवायचा,
नाहीतर गिअरबॉक्स घरापासून मैदानापर्यंत फुकट दळत बसतो.
पोहोचलं की तो घालायचा,
हरलं की पुन्हा काढायचा.
आई म्हणायची, हार्लन, तू गाडी पळवत नाहीस,
तिचे कपडे बदलतोस.

बासष्टमध्ये ट्रेलर आला,
म्हणजे वडिलांनी तो जमवला:
कुणाच्या मोडक्या फिरत्या घराखालचा एक आस,
दोन लांब पन्हाळी, मध्ये काहीच नाही,
खालून पळता रस्ता दिसायचा.
चार कोपऱ्यांना चार साखळ्या.
साखळी पुरेशी ताणली का, हे वडील
तिला बोटाने छेडून, कान लावून ठरवायचे.
चारही एका सुरात वाजल्या की, बसा.

केअर्नीहून टल्सा, चारशेच्या वर मैल.
सीटखाली निट्रोचे दोन कॅन,
सीटवर मी आणि व्हर्लिन.
काड्यापेटीला हात लावायचा नाही, एवढीच शिस्त.
आई दर पन्नास मैलांवर उतरून
ट्रेलरच्या चाकाच्या बुडख्याला तळहात लावायची,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

सलायना मागे पडलं होतं. रात्र.
उजवीकडून एक चाक आलं.
एकटंच. आमच्या बरोबरीने धावलं थोडा वेळ,
मग सावकाश पुढे निघालं.
वडील म्हणाले, सुटलंय बघ कुणा बिचाऱ्याचं.

तेवढ्यात आरसा ठिणग्यांनी भरला.

आम्हाला तोवर त्या रस्त्यावर
कुणीही मागे टाकलं नव्हतं.

चाक ज्वारीत शिरलं होतं.
कॅन्ससमध्ये ज्वारी गुरांसाठी पेरतात,
बुटकी, तांबड्या कणसांची, मैलच्या मैल.
आई टॉर्च घेऊन आत गेली.
उजेड कमरेएवढ्या उंचीवर हिंडत राहिला.
वडील ट्रेलरपाशी उकिडवे,
काही बोलत नव्हते, साखळ्या मोजत होते.
तासाभराने ती चाक घेऊन आली, छातीशी धरून.
रिम वाकडी. भोकं फाटून लांबट झालेली.

पहाटे एक ट्रक थांबला. त्याच्याही मागे तसाच ट्रेलर,
पन्हाळींवर तसंच काहीतरी ताडपत्रीखाली.
ओडेल प्रुइट, ओक्लाहोमाचा,
मोठा माणूस, पण जिभेवर तोतरेपणा.
त्याने आधी आईला कॉफी दिली,
मग आपलं जादा चाक काढलं.
आमच्याकडे पाचांतले तीन बोल्ट शाबूत होते.
तो म्हणाला, ती-तीन पुरतात, फक्त वळणावर गाऊ नका.

पहिल्याच फेरीत आमची गाठ त्याच्याशी पडली.
फार अंतराने हरलो.
साडेनऊ सेकंद लागले, तेवढ्यात व्हर्लिनचं
सँडविचचं कागद सोडवूनही झालं नव्हतं.
वडील चाक परत करायला गेले
तर ओडेल म्हणाला, घरी काय खांद्यावर नेणार?

ते परत द्यायचं राहिलंच.
चार उन्हाळे ते वॅगनमध्ये आमच्यासोबत फिरलं,
कधी तो आला नाही, कधी आम्ही.
नंतर कोंबड्या त्यात अंडी घालू लागल्या.

परवा गाडी नेली. घेणारा अ‍ॅरिझोनाचा.
पांढरा बंद ट्रेलर, आत दिवे, फरशी चकचकीत,
विंचने ती आवाज न करता आत ओढली गेली.
जुना ट्रेलर त्यांना नको होता.
तिथल्या मुलाने चार नायलॉनचे पट्टे आवळले.
मी आत चढले. गुडघा कुरकुरला.
एक पट्टा बोटाने छेडला,
कान जवळ नेला.

घट्ट आहे मॅडम, तो म्हणाला.

असेल.